विद्यापीठातील नवउद्योगाने पर्यावरणीय हिशेब कसा ठेवावा

विद्यापीठाच्या इन्क्युबेशन केंद्रातील नवउद्योगाला वीज, पाणी, उपकरणे आणि रासायनिक कचऱ्याची विल्हेवाट या सोयी बहुधा संस्थेच्या खर्चातून मिळतात; त्यांचे बिल संस्थापकांच्या हाती येत नाही आणि त्यामुळे उत्पादनाचा त्यांनी मांडलेला खर्च अपुरा राहतो. पर्यावरणीय लेखांकनाची सुरुवात या न दिसणाऱ्या खर्चापासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम कोणती खोली, कोणती उपकरणे आणि कोणता कालावधी हिशेबात धरायचा, हे लिहून ठेवावे. स्वतंत्र वीजमीटर नसल्यास नोंदवहीतील वापराचे तास आणि यंत्राची किलोवॅटमधील क्षमता यांच्या गुणाकारावरून अंदाज काढता येतो, मात्र तो वरच्या बाजूचा अंदाज आहे हे नमूद करावे. उणे 80 अंश सेल्सियसचा फ्रीझर अहोरात्र चालतो. त्याची वीज तासांवर नव्हे, तर व्यापलेल्या कप्प्यांच्या प्रमाणात वाटणेच न्याय्य ठरते.

यापुढचे काम सर्वांत मोलाचे आहे. आयएसओ 14051 या 2011 च्या मानकात सांगितलेली पदार्थप्रवाह खर्च लेखांकनाची पद्धत वाया गेलेल्या मालालाही उत्पादनासारखाच खर्च लावते. समजा, 100 किलो कच्च्या मालातून 70 किलो उत्पादन निघाले. उरलेल्या 30 किलोंचा खर्च म्हणजे केवळ विल्हेवाटीचा खर्च नव्हे. कच्चा माल, वीज आणि मजुरी यांचाही 30 टक्के वाटा त्यात धरावा लागतो, आणि विल्हेवाटीचा खर्च तर पूर्णपणे त्याच्याच खाती जातो. हा आकडा पाहिल्यावर प्रक्रिया बदलण्याची निकड संस्थापकांना वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

कार्बन उत्सर्जनासाठी ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतील तीन व्याप्ती, म्हणजे उत्सर्जनाचे तीन गट, वापराव्यात: स्वतः जाळलेले इंधन, विकत घेतलेली वीज आणि पुरवठ्यापासून विल्हेवाटीपर्यंतचे इतर अप्रत्यक्ष उत्सर्जन. प्रत्येक वापराला उत्सर्जन गुणांकाने, म्हणजे वापराच्या एका एककामागे होणाऱ्या उत्सर्जनाच्या आकड्याने, गुणावे आणि गुणांकाचा स्रोत व वर्ष शेजारीच नोंदवावे.

किलो, लिटर आणि युनिटचे आकडे खरेदीच्या व्हाउचरवरच लिहावेत, म्हणजे लेखापाल आणि प्रयोगशाळेतील सहकारी यांना दरमहा एकाच कागदावरून ताळमेळ घालता येईल. केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी हेच आकडे बाहेरच्या दरांनी पुन्हा मोजावेत आणि विक्रीची किंमत त्यानंतरच ठरवावी.