चार ऋतू, एकच चौकट

अमेरिकेत टेनेसीतल्या केड्स कोव्ह या दरीतलं, जॉन ऑलिव्हर या जुन्या रहिवाशाचं लाकडी घर वेगवेगळ्या ऋतूंत टिपलं, की फोटो शेजारी ठेवल्यावर घर सरकल्यासारखं दिसतं. ते टाळायचं तर:

१. पहिल्याच फोटोत दोन रेषा जुळवा: धुराड्याची कड आणि मागच्या झाडाचा बुंधा. फांदी नको, पानं फुटली की ती हरवते.
२. झूम नको. पुढच्या वेळी जुळवायला हा फोटो मोबाइलमध्येच ठेवा, तिथं नेटवर्कचा भरवसा नाही.
३. पुढच्या वेळी रेषा जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका, मग घराचा आकार पाहून मागेपुढे.

फोटोची वेळ घड्याळावरून नाही, सूर्योदयापासून मोजा. मार्चमध्ये तिथली घड्याळं तासभर पुढे जातात.

चौकटीच्या नादात अस्वलाजवळ मात्र जाऊ नका, ५० यार्ड अंतराचा नियम आहे.