‘लक्ष देऊ नकोस’ म्हणायच्या आधी

धाकट्याला दुसरीत चष्मा लागला आणि आठवड्याभरात वर्गात त्याचा ‘ढापण्या’ झाला. त्याने सांगितलं तेव्हा ‘अरे, लक्ष नको देऊस’ म्हणून मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले. पुढचे पंधरा दिवस चष्मा दप्तराच्या तळाशी सापडायचा, मोज्यात गुंडाळलेला.

म्हणून आधी हातातलं खाली ठेवा. ‘कोण म्हणालं?’ हे नंतर विचारता येतं. आधी ‘ऐकून कसं वाटलं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. राग आला, लाज वाटली की एकटं वाटलं, तो शब्द त्यालाच शोधू द्या. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं होतं, की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या धोक्याच्या घंटेची, खळबळ कमी होते. आमच्याकडे ‘लाज वाटली’ एवढं बोलायला त्याला दहा मिनिटं लागली. मग मात्र स्वतःच उठून पाणी प्यायला गेला.

खरं काम तालमीचं. मी चिडवणारा मुलगा झाले. ‘ए ढापण्या!’ पहिल्यांदा तो किंचाळला, दुसऱ्यांदा ‘तू जाड्या’ म्हणाला. उलटं चिडवणं मी तिथेच थांबवलं. त्याने खेळ रंगतो आणि आपलंच मूल उद्या कुणाच्या तरी रडण्याचं कारण होतं. मग आम्ही एकच वाक्य ठरवलं: ‘हो, चष्मा आहे. मग?’ आवाज वेळ विचारताना असतो तसा, नजर समोर, आणि बोलून झालं की चालू पडायचं. हे ‘चालू पडणं’ सगळ्यांत अवघड. तो बोलून तिथेच उभा राहायचा, परिणाम बघत! चार संध्याकाळी गेल्या त्यातच. मधे आम्ही भूमिका बदलल्या. मला चिडवताना त्याच्या लक्षात आलं, की समोरची व्यक्ती चिडली नाही तर मजाच येत नाही.

या तालमीला मर्यादा आहे. रंग, शरीर किंवा अडखळतं बोलणं यांवरून टोळक्याने रोज छळणं चालू असेल, मारहाण असेल, मूल शाळेचं नाव काढताच पोट धरत असेल, तर ते मोठ्यांनी निस्तरायचं. मुलाला कणखर करत बसू नका. पण शिक्षकांशी बोलण्याआधी मुलाला सांगा. मी न सांगता त्या मुलाच्या आईला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी ‘ढापण्या’च्या जोडीला ‘चहाडखोर’ आलं. त्याने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. बरोबरच होतं त्याचं.

घरातल्या शब्दांचाही हिशेब ठेवा. परवा गुडघा खरचटून आला, तर माझ्या तोंडून सवयीने निघालं, ‘झाली का रडूबाई सुरू?’ त्याने चष्मा वर सरकवला, वेळ विचारावी तशा आवाजात म्हणाला, ‘हो, रडतोय. मग?’ आणि चालू पडला.