येणाऱ्या गेमची वाट कशी पाहावी: भाच्याला शिकवलेली रीत

8 डिसेंबर 2023. पणजीच्या चर्चच्या फेस्ताचा दिवस. माझी रात्रपाळी संपली होती. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून फोंड्याला घरी पोचते न पोचते तोच माशेलहून भाच्याचा फोन. "आत्या गो, पृथ्वीएवढा ग्रह! अख्खा! चालत फिरायचा!" आमच्याकडे पहाट झाली तेव्हा अमेरिकेत अजून आदली संध्याकाळ होती. तिथल्या गेम अवॉर्ड्सच्या सोहळ्यात हॅलो गेम्स या कंपनीने 'लाइट नो फायर' या येणाऱ्या व्हिडिओ गेमचा ट्रेलर दाखवला होता आणि हा मुलगा त्यासाठी पहाटे उठून बसला होता. त्याला तिथल्या तिथे पैसे भरायचे होते. घोषणेत तारीखच नव्हती म्हणून तेवढ्यावर राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी मी त्याला समोर बसवून जे दाखवलं तेच इथे लिहिते आहे. वाट पाहू नकोस, असं मी त्याला सांगितलं नाही. वाट पाहण्यात फार मोठं सुख आहे आणि ते मला स्वतःलाही सोडायचं नाही.

मला आवडतात ते गोष्टीचे, भटकंतीचे गेम. हातात बंदूक नाही. रिकामं घर, जंगल, बेट. खण उघडायचे, चिठ्ठ्या वाचायच्या, कोण कुठे गेलं ते शोधायचं. 2013 चा 'गॉन होम', 2016 चा 'फायरवॉच', 2019 चा 'आउटर वाइल्ड्स'. या जातीच्या गेममध्ये एक वेगळी अडचण असते, ती म्हणजे तो खऱ्या अर्थाने एकदाच खेळता येतो. 'आउटर वाइल्ड्स'मध्ये दर 22 मिनिटांनी जग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि तुमच्याजवळ उरतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. एकदा कळलं की ते पुसून टाकता येत नाही. म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवला तर पैसे जायची भीती, आणि फार चौकशी केली तर गोष्टच हातची जायची भीती. दोन्ही सांभाळायचं तर थोडी शिस्त लागते.

पहिलं काम कागदाचं. ट्रेलर पाहण्याआधी वहीचं एक पान घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा: 'दाखवलं', 'सांगितलं' आणि 'मी धरून चाललो'. ट्रेलर दोनदा पाहा, एकदा आवाज बंद करून, एकदा आवाजासह. संगीत गेलं की निम्मी मोहिनी उतरते आणि डोळा कामाला लागतो. पाहताना मी सेकंद मोजते. कॅमेरा न तुटता सलग किती वेळ चालतो? तो माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे की घारीसारखा वरून फिरतोय? कुणाचा हात दाराच्या कडीला लागतो का? चिठ्ठी उघडून वाचताना दाखवतात का, की नुसती टेबलावर पडलेली दिसते? पुढच्या माणसाशी बोलायचं असेल तर उत्तर निवडायचे पर्याय पडद्यावर येतात का? खेळणारा प्रत्यक्षात जे करणार आहे ते दिसलं, तर पहिल्या रकान्यात लिहा. डोंगर, ढग, सूर्यास्त यांना त्या रकान्यात जागा नाही. ते सुंदर असतात, पण गेम कसा असेल याचा त्यावरून पत्ता लागत नाही.

दुसऱ्या रकान्यात निर्मात्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे. मुलाखतीत 'अशी कल्पना आहे', 'शक्य होईल', 'आम्हाला आवडेल' असं काही आलं तर तेही तसंच. 'शक्य होईल'चं 'आहे' आपणच करतो, नकळत.

तिसरा रकाना भरायला सगळ्यात कठीण. भाच्याने पहिल्यांदा तो कोराच ठेवला. मी त्याला विचारत गेले: यात गोष्ट असेल असं तुला कशावरून वाटतं? नायक कोण? शेवट असेल का? त्याने गप्प बसून पेन उचललं. स्टीम या ऑनलाइन गेम विकणाऱ्या दुकानातल्या 'लाइट नो फायर'च्या पानावर पहिल्याच वाक्यात साहस, बांधकाम, तग धरणं आणि सगळ्यांनी मिळून शोध घेणं, एवढंच म्हटलंय. गोष्टीचं नाव त्या वाक्यात नाही. भाच्याच्या मनात मात्र ट्रेलरमधल्या ड्रॅगनवर बसलेल्या माणसाची अख्खी कहाणी तयार झाली होती. निर्मात्यांनी ती कबूल केली नव्हती, ती त्याने स्वतः रचली होती. वाईट नाही, रचावी. फक्त कुठली कुणाची ते कागदावर असावं.

हा रकाना मी का धरून बसते, त्याचं कारण याच कंपनीच्या आधीच्या गेममध्ये आहे. 'नो मॅन्स स्काय'ची घोषणा डिसेंबर 2013 मध्ये झाली आणि ऑगस्ट 2016 मध्ये तो आला. अठरावर अठरा शून्यं द्यावीत इतके ग्रह. मुलाखतींतून लोकांचा समज झाला होता की दुसरा खेळाडू आपल्याला भेटू शकेल, योग दुर्मिळ असला तरी. पहिल्याच दिवसांत दोन खेळाडू एकाच ग्रहावर एकाच ठिकाणी जाऊन उभे राहिले आणि त्यांना एकमेक दिसले नाहीत. स्टीमवरच्या जाहिरातीबद्दल ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेकडे तक्रारी गेल्या. नोव्हेंबर 2016 मध्ये त्या संस्थेने जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निर्णय दिला. तेव्हा तिसऱ्या रकान्याची भरपाई कुणी करून देईल या आशेवर राहू नका.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मी भाच्याला आवर्जून सांगितली. त्या लोकांनी गेम टाकून दिला नाही. एकामागून एक अपडेट फुकट देत राहिले आणि जुलै 2018 च्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये खेळाडू एकमेकांना खरोखर भेटू लागले. त्यामुळे 'लाइट नो फायर'बद्दल मला शंका आहे तशी आशाही आहे, आणि दोन्हींचं कारण एकच कंपनी आहे.

आता निर्मात्यांची पारख. माझे वडील माशेलला जत्रेच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. नवं नाटक लागलं, हँडबिल हातात पडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: तालमी किती झाल्या? पडदे किती, कपडे कुठून आणले, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. मी गेमच्या बाबतीत तेच विचारते. नकाशा किती मैलांचा, हे सोडून द्या. आजवर बाहेरच्या कुणी हा गेम हातात घेऊन खेळलाय का?

'आउटर वाइल्ड्स' आधी अ‍ॅलेक्स बीचम या विद्यार्थ्याचा कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठातला पदव्युत्तर प्रकल्प होता. 2015 मध्ये त्याला स्वतंत्र गेमांच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि पूर्ण गेम त्यानंतर चार वर्षांनी आला. इतक्या तालमी. 'केंटकी रूट झीरो'चा पहिला अंक जानेवारी 2013 मध्ये आणि पाचवा जानेवारी 2020 मध्ये आला. तिथे वाट पाहणारा मागच्या अंकावरून पुढच्याचा अंदाज करू शकत होता. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' घ्या. 2017 मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करायच्या संकेतस्थळावर त्यांना हवा तेवढा निधी जमला नाही, तरी 2020 मध्ये गेम बाजारात आला. मला असा हट्ट मोलाचा वाटतो.

याउलट 'द डे बिफोर'. हा गेम एके काळी स्टीमवर सगळ्यात जास्त लोकांच्या विशलिस्टमध्ये, म्हणजे घ्यायच्या यादीत, होता. 7 डिसेंबर 2023 ला विक्री सुरू झाली आणि चार दिवसांत स्टुडिओने गाशा गुंडाळल्याचं जाहीर केलं. तारीख पाहिलीत? भाच्याने ज्या सोहळ्यातला ट्रेलर पाहिला, तो तिथल्या तारखेने त्याच दिवशीचा. किती लोक वाट पाहताहेत हा आकडा म्हणजे थिएटरबाहेरची रांग. तालमी झाल्या की नाहीत, ते रांगेवरून कळत नाही.

चांगले लोक असले तरी काही गेम येतच नाहीत, हेही धरून चला. 'फायरवॉच'वाल्या कॅम्पो सान्तोने डिसेंबर 2017 मध्ये 'इन द व्हॅली ऑफ गॉड्स' जाहीर केला होता. 1920 च्या दशकातला इजिप्त, दोन बायका, एक कॅमेरा. एप्रिल 2018 मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो स्टुडिओ विकत घेतला, मंडळी दुसऱ्या कामांना लागली आणि 2019 मध्ये हा गेम बाजूला ठेवल्याचं कळलं. तो ट्रेलर मी अजूनही वर्षातून एकदा पाहते. त्यातली चालण्याची ढब, हातांच्या हालचाली, सगळं माझ्या पहिल्या रकान्यात बसलं होतं.

पैशांचं. प्री-ऑर्डर, म्हणजे गेम येण्याआधीच खरेदी, करू नका. डिजिटल गेम संपत नाही. दुकानात शेवटचा मासा उरल्यासारखी घाई करण्याचं काहीच कारण नाही. मी एकदा पणजीतल्या एका दुकानात तीन महिने आधी पूर्ण पैसे भरले होते. दुकानाचं आणि गेमचं, दोन्हींची नावं राहू देत. घरी आणून खेळले तर ज्या गोष्टीसाठी घेतला ती दोन कागदांत आटोपली होती, आणि फोडलेलं पाकीट परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. तेव्हापासून मी पाकिटाची पद्धत सुरू केली. गेम जाहीर झाला की एका पाकिटावर त्याचं नाव लिहायचं आणि महिन्याला 200 रुपये टाकायचे. गेम आला आणि चांगला निघाला तर पैसे तयार. नाहीतर नाव खोडून दुसरं लिहायचं. वाट पाहणं हातात धरता येतं यामुळे, आणि भाच्याला तर हेच सगळ्यात आवडलं.

स्टीमवर घेतलात तर खरेदीपासून 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. हे दोन तास नीट वापरा. गेम चालू ठेवून मासळीवालीला हाक मारायला गेलात तर तेही मोजले जातात. मी घड्याळात पावणेदोन तासांचा गजर लावते. मात्र दोन-तीन तासांतच संपणारे गेमही या जातीत पुष्कळ आहेत. पूर्ण खेळून परत करणं मला पटत नाही, लहान स्टुडिओच्या पोटावर ते येतं. प्लेस्टेशनच्या स्टोअरवर तर डाउनलोड सुरू केलंत की परतीची वाट सहसा बंद होते, तिथे आणखी थांबून घ्या. डेमो, म्हणजे गेमचा नमुन्याचा तुकडा, मिळत असेल तर आधी तो. स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये येणाऱ्या गेमांचे डेमो ठरावीक दिवस फुकट खेळायला मिळतात.

आणि आता ती मोठी अडचण: गेम आल्यावर चौकशी करायची, पण गोष्ट कळू द्यायची नाही. यासाठी एक माणूस लागतो. म्हापशाची एक मैत्रीण आणि मी, आम्ही आलटून पालटून हे काम करतो. दोघींपैकी एक आधी खेळते आणि दुसरीच्या पाच प्रश्नांना फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणते. सबटायटल आणि चिठ्ठ्या सोफ्यावरून वाचता येतात का? दोन ठिकाणांमधलं चालणं कंटाळवाणं आहे का? मध्येच लाइट गेली तर फार मागे जावं लागतं का? पुढे जाताच येणार नाही असा बिघाड भेटला का? शेवटचा तास घाईत उरकल्यासारखा वाटला का?

तिसरा प्रश्न फोंड्यात जून ते सप्टेंबर फार महत्त्वाचा. पावसात एका संध्याकाळी तीनदा लाइट जाते, आणि काही गेम स्वतःच्या मर्जीने ठरावीक जागीच सेव्ह होतात. दुसऱ्या प्रश्नाचं कारण 2015 चा 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर'. त्यात वेग वाढवायची सोय होती, पण खेळणाऱ्यांना तसं कुठे सांगितलंच नव्हतं. अख्खं गाव लोक रखडत फिरले. असं काही असेल तर मैत्रिणीला 'हो-नाही'चा नियम मोडायची मुभा आहे.

हो-नाहीच्या पलीकडे ती एक शब्दही बोलत नाही. आवडला का, असं मी विचारतसुद्धा नाही, कारण तिच्या आवाजावरून मला शेवट आनंदाचा की दुःखाचा हे कळतं. उत्तरं चिठ्ठीवर लिहून फोटो पाठवायचा, बस.

गेम आल्या दिवशी लगेच सुरू करू नका, आठवडाभर जाऊ द्या. चुका दुरुस्त करणारे पहिले पॅच तेवढ्यात येतात. त्या आठवड्यात यूट्यूब उघडू नका. व्हिडिओच्या नुसत्या चित्रावरही शेवटचं दृश्य छापलेलं असतं. तोवर त्याच स्टुडिओचा जुना गेम काढा. तोच हात पुन्हा ओळखीचा होतो आणि अपेक्षा जमिनीवर राहते.

मग सुट्टीच्या आदली रात्र निवडा. जेवण उरकलेलं, इन्व्हर्टर चार्ज झालेला, फोन स्वयंपाकघरात. तीन रकान्यांचं पान शेजारी ठेवा, पण उलटं. ते खेळून झाल्यावर बघायचं. आणि शेवट झाला की झोपण्याआधी, सगळं ताजं असतानाच, वाट पाहत असलेल्या दुसऱ्या माणसाच्या पाच प्रश्नांची उत्तरं चिठ्ठीवर लिहून फोटो पाठवून द्या.