परदेशातून आलेला स्वयंसेवक वर्गात बोलवताना

केनियात वर्षभर काम करून आलेला स्वयंसेवक नागपुरातल्या आठवीच्या वर्गात आला की बहुतेक वेळा साठ फोटो दाखवतो. मुलं दहाव्या फोटोपर्यंत पाहतात, मग चुळबुळ सुरू. वाईट म्हणजे ‘आफ्रिका म्हणजे गरिबी’ एवढंच डोक्यात राहतं. खंडात 54 देश आहेत, हे आधी नकाशावर दाखवून घ्या.

फोटो पाचच ठेवा, आणि तिथल्या लहान मुलांचे चेहरे परवानगीशिवाय नकोत. त्यापेक्षा एखादी वस्तू हातोहात फिरू द्या: बसचं तिकीट, नाणं, शाळेची वही. 40 मिनिटांच्या तासिकेत 10 मिनिटं वस्तूंना, 10 बोलण्याला, उरलेली सगळी प्रश्नांना. प्रश्न आदल्या दिवशीच चिठ्ठ्यांवर लिहून घ्या. ऐनवेळी मागितले तर तीच दोन मुलं बोलतात.

विषय एकच निवडा. पाणी उत्तम. आपल्याकडे नागपुरात पेंच नदीचं येतं, नैरोबीला प्रामुख्याने एनडाकाइनी धरणाचं. घरी किती बादल्या लागतात, हे मुलांनी आधी मोजून आणावं, म्हणजे तुलना खरी होते, कीव येत नाही.

तिथल्या वर्गाशी व्हिडिओ कॉल करायचा असेल तर केनिया अडीच तास मागे आहे: आपले साडेअकरा, त्यांचे नऊ. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा कॉल जुलैपासून पुढेच ठेवा. त्यांच्या ऑगस्टच्या सुट्या मात्र आधी विचारून घ्या.