पाकिटे आणि पोस्टकार्डे ओळखताना या चुका टाळा: छपाई व जलचिन्ह

तिकिटांकडून छापील मूल्याची पाकिटे, पोस्टकार्डे आणि आंतरदेशीय पत्रे यांच्याकडे वळलेल्या संग्राहकाची पहिली चूक म्हणजे तिकिटांचीच सूची समोर ठेवून जलचिन्ह, म्हणजे प्रकाशात धरल्यावर कागदात दिसणारी खूण, शोधणे. भारतीय तिकिटांच्या कागदात १९२६ पासून अनेक तारे आणि १९५८ पासून अशोकस्तंभाचे शीर्ष दिसते, हे खरे; परंतु पाकिटांचा कागद वेगळा असल्याने हा क्रम त्यांना तसाच लावता येत नाही. जाड पोस्टकार्डात तर जलचिन्ह शोधण्याचा हट्टच धरू नये.

पाकिटे मोठ्या तावातून कापली जात असल्यामुळे एखाद्या प्रतीवर जलचिन्हाचा अर्धाच भाग येतो, एखाद्यावर तो आडवा पडतो, तर एखाद्यावर काहीच येत नाही. त्यामुळे हाती आलेल्या एकाच प्रतीवरून ‘जलचिन्हरहित प्रकार’ अशी नोंद करणे धाडसाचे ठरते. त्याच छपाईच्या चार-पाच प्रती शेजारी ठेवाव्यात. पाकीट मिटलेले असताना दोन पदर एकावर एक येतात आणि त्यांच्या खुणा मिसळतात, म्हणून झडप उघडून एकाच पदरातून प्रकाश जाऊ द्यावा. मागून पाहिल्यास जलचिन्ह आरशातल्यासारखे उलटे दिसते, हे विसरून ‘उलटे जलचिन्ह’ सापडल्याचा आनंद करणारे बरेच भेटतात. काही कागदांत जवळजवळच्या समांतर रेषा असतात. ती कागदाची घडण असते. तिला जलचिन्ह समजू नये.

जलचिन्ह उठून दिसावे म्हणून बेंझिन लावण्याचा मोह आवरावा, कारण त्याने काही शाई विरघळते आणि पाकिटावरील इतर मजकूर पसरण्याचा धोका राहतो. खिडकीचा प्रकाश आणि थोडा संयम बहुतेक वेळा पुरतो.

छपाईची पद्धत ओळखताना रंगावर भिस्त ठेवू नये. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेले कार्ड पिवळटते आणि रंगछटा निराळी भासते. त्यापेक्षा दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहाव्यात: उठावाच्या ठशाने छापलेल्या अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार साचते आणि मागे हलका दाब जाणवतो, ऑफसेटमध्ये, म्हणजे रबरी पृष्ठावरून होणाऱ्या छपाईत, शाई सपाट, एकसारखी बसते. ‘जुन्या’ कार्डावर रंगीत ठिपक्यांचे जाळे दिसले, तर ती हल्लीची नक्कल असण्याचा संशय घ्यावा.

उठावदार मूल्यशिक्क्याच्या, म्हणजे पाकिटावरच तिकिटाच्या जागी उमटवलेल्या ठशाच्या, बाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. नौपाड्यातल्या आमच्या घरी जुलैच्या ओलाव्याने एक पाकीट वळले, म्हणून मी ते जाड शब्दकोशाखाली दाबून ठेवले. उठाव दबून सपाट झाला आणि महिनाभर मी ते सपाट छपाईचे दुर्मीळ पाकीट मानत होतो. पुढे पाकिटाच्या आतल्या बाजूला तिरपा प्रकाश टाकला, तेव्हा खोलगट ठसा दिसला. पाकिटे उभी, दाब न देता ठेवावीत.

शेवटची चूक तारखेची. टपाल शिक्का वापराची तारीख सांगतो, छपाईची नव्हे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १ जून १९६४ रोजी ‘नये पैसे’ या नावातला ‘नये’ हा शब्द वगळला गेला. तरी नये पैशातले कार्ड १९६५ च्या शिक्क्यासह मिळाले, तर ते उरलेल्या साठ्यातले असू शकते, त्याला चूकछपाई म्हणता येत नाही. नोंदवहीत छपाईच्या आणि वापराच्या तारखांचे रकाने वेगळे ठेवावेत.