जुनं विंडोज नव्या पीसीत हलवण्याची तयारी

नाशिकला सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी यंत्राला प्रोग्रॅम पाठवणारा, पिंपळगाव-लासलगावकडे वजनकाट्याच्या पावत्या काढणारा, नाहीतर शहरातल्या एखाद्या प्रेसमध्ये पेजमेकर आणि श्रीलिपीवर पत्रिका लावणारा जुना पीसी अजून रोज चालू होतो, कारण त्यातलं एक सॉफ्टवेअर विंडोज एक्सपी किंवा सेव्हन सोडून दुसऱ्या कशावर चालतच नाही. त्याची हार्ड डिस्क किंवा पॉवर सप्लाय कधीतरी जाणार. ते होण्याआधी आतलं सगळं विंडोज जसंच्या तसं उचलून नव्या कॉम्प्युटरमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटर, म्हणून बसवता येतं. नवा पीसी विंडोज ११ वर चालू राहतो आणि त्याच्या एका खिडकीत जुना एक्सपी, त्याच डेस्कटॉपसह, त्याच आयकॉनसह उघडतो. यातलं जे बिघडतं ते बहुतेक वेळा जुन्या पीसीवर काहीतरी बघायचं किंवा लिहून घ्यायचं राहिलं म्हणून बिघडतं. तो चालू आहे तोवरच हे करता येतं, म्हणून यादी त्याच्यापासून सुरू होते.

आधी कॅबिनेट उघडून आत काय लावलंय ते पाहा. मदरबोर्डवर मोशन कार्ड (यंत्राच्या मोटरी चालवणारं कार्ड) किंवा यंत्राकडून डेटा घेणारं खास पीसीआय कार्ड असेल, तर ते व्हर्च्युअल मशीनला दिसणार नाही. पॅरलल पोर्टातून थेट स्टेपर मोटरला पल्स मिळणारा सीएनसी राउटर किंवा एनग्रेव्हिंग मशीन असेल, तरी हा मार्ग सोडून द्या. व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसर नव्या विंडोजकडून वाटून मिळतो, त्यामुळे पल्समधलं अंतर मधेच कमीजास्त होतं, स्टेप सुटतात आणि जॉब वाया जातो. अशा ठिकाणी तसाच दुसरा जुना बोर्ड शोधून ठेवणं हाच खरा उपाय. सिरियल केबल, यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअर चालायला पोर्टात लावावी लागणारी लायसन्सची किल्ली) आणि साधे प्रिंटर मात्र नीट हलवता येतात.

डोंगल कोणतं आहे ते बघा. यूएसबी डोंगल असेल तर काम सोपं. मागच्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टात बसलेलं असेल, तर सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीशी आत्ताच बोला आणि ते यूएसबीत बदलून मागा. बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल केबल फक्त प्रिंटरपुरती असते, तिच्यावर डोंगल ओळखलं जात नाही. आणखी एक प्रश्न त्याच फोनवर विचारून घ्या: सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनवर चालतं का. काही सॉफ्टवेअरमध्ये ते ओळखून बंद पडण्याची सोय मुद्दाम केलेली असते, आणि ते शेवटच्या दिवशी कळलं तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते.

आता वही घ्या. सीएनसी किंवा वजनकाटा कोणत्या कॉम पोर्टवर आहे, बॉड रेट (डेटाचा वेग) किती, डेटा बिट ७ की ८, पॅरिटी इव्हन की नन, स्टॉप बिट १ की २, हँडशेक सॉफ्टवेअरचा की हार्डवेअरचा, हे सगळं सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून बघून लिहा आणि त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटोही काढा. यातला एक आकडा चुकला तरी काट्यावरून वजनाऐवजी भलतीच चिन्हं येतात, आणि मग दोष केबलचा की सेटिंगचा हे शोधण्यात दिवस जातो. डिव्हाइस मॅनेजर उघडून 'कॉम्प्युटर' या ओळीखाली काय लिहिलंय तेही उतरवून घ्या. तिथे 'एसीपीआय मल्टिप्रोसेसर' किंवा 'एसीपीआय युनिप्रोसेसर' असं असेल, तर पुढे व्हर्च्युअल मशीनमध्ये आय-ओ एपिक ही खूण चालू ठेवावी लागते, नाहीतर एक्सपी सुरूच होत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची मूळ सेटिंग) डिस्क आयडीई मोडवर आहे की एएचसीआयवर (डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती), ही नोंदही त्याच पानावर. जुन्या पीसीची तारीख दर वेळी मागे जात असेल तर आधी सीआर२०३२ सेल बदला. सेल संपला की बायोसची सेटिंगही मूळ जागी जातात आणि तुम्ही चुकीचा मोड लिहून घ्याल.

डिस्कची प्रत काढण्याआधी तिची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं साधं सॉफ्टवेअर डिस्क चांगली आहे की धोक्यात ते सांगतं. धोक्याची खूण असेल किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका. मरणाऱ्या डिस्कवर तेवढा ताण पुरतो. आधी प्रत, बाकी सगळं नंतर. डिस्क ठीक असेल तर चेकडिस्क करून, टेम्प आणि रिसायकल बिन रिकामं करून मगच प्रत घ्या.

प्रत घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टचं सिसइंटर्नल्समधलं डिस्क-टू-व्हीएचडी हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते चालू विंडोजचीच एक व्हीएचडी फाइल, म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलीत, बनवतं. त्यात 'व्हीएचडीएक्स'ची खूण काढून टाका, 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी'ची ठेवा. सेव्हन असेल तर यादीतलं १०० एमबीचं 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' पार्टिशनही निवडा. ते छोटं दिसतं म्हणून बरेच जण सोडतात, पण विंडोज सुरू करणाऱ्या फाइली त्यातच असतात. बाहेरची डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि काम अर्ध्यात तुटतं. फाइलचा आकार साधारण वापरलेल्या जागेएवढा होतो. ८० जीबीच्या डिस्कवर ३० जीबी भरलेले असतील तर ३० च्या आसपास. जुन्या यूएसबी २ पोर्टातून त्याला निवांत तासभर धरा. एक्सपीवर हे सॉफ्टवेअर उघडलंच नाही, तर पीसी बंद करून डिस्क काढा, यूएसबीच्या जोडणीने नव्या पीसीला लावा आणि तिथून प्रत घ्या. सन २००५ च्या आधीच्या पीसीत रुंद पट्टीची आयडीई डिस्क असण्याची शक्यता जास्त. तेव्हा साटा आणि आयडीई दोन्ही चालणारी जोडणीच विकत घ्या.

एक्सपीसाठी इथे एक जास्तीची पायरी आहे आणि ती टाळू नये. पहिली प्रत काहीही न बदलता घ्या आणि बाजूला ठेवा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई' हा करा, पीसी पुन्हा सुरू करून बघा आणि दुसरी प्रत घ्या. एक्सपी जुन्या मदरबोर्डच्या चिपचाच ड्रायव्हर घेऊन बसलेला असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये ती चिप नसते, त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळ्या पडद्यावर शेवटी ७बी असलेला स्टॉप कोड येतो. ही सर्वांत जास्त वेळा भेटणारी अडचण आहे. जुना पीसी भंगारात गेल्यावर ती सोडवणं फार कटकटीचं होतं. डिस्क एएचसीआय मोडवर असेल तर मात्र हा बदल करू नका.

लायसन्सचा विचारही याच वेळी. कॅबिनेटवर चिकटलेला ओईएमचा (पीसीसोबत आलेल्या विंडोजचा) स्टिकर त्या एका पीसीपुरताच असतो, तो व्हर्च्युअल मशीनवर नेता येत नाही. हार्डवेअर बदललं की विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागतं, आणि एक्सपी तर लॉगिनच थांबवू शकतो. खोक्यात घेतलेली रिटेल प्रत असेल तर तीच किल्ली वापरा. नसेल तर कायदेशीर किल्लीची सोय आधी करा.

आता नवा पीसी. एक्सपीला १ जीबी रॅम आणि एक प्रोसेसर कोअर भरपूर होतो, ३२ बिट सेव्हनला २ जीबी. विंडोज ११ स्वतःच बरीच रॅम घेतं, तेव्हा एकूण ८ जीबीत एक्सपी निभावतो, पण सेव्हन आणि शेजारी रोजचं काम असेल तर १६ घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर प्रोसेसरवर वाचवा, एसएसडीवर नको. दोन विंडोज एकाच फिरत्या डिस्कवर एकदम वाचायला लागली की दोन्ही रांगतात.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. खाली 'व्हर्च्युअलायझेशन' पुढे 'एनेबल्ड' दिसलं पाहिजे. 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये जा: डेलला बहुधा एफ२, एचपीला एफ१०, असेंबल्ड बोर्डांना डिलीट. इंटेलवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', एएमडीवर 'एसव्हीएम मोड' चालू करा आणि पीसी पूर्ण बंद करून पुन्हा लावा. त्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघून त्याची रिकव्हरी किल्ली कागदावर उतरवून घ्या. बायोस बदलल्यावर विंडोज ११ ती मागू शकतं, आणि किल्ली नसेल तर नवाच पीसी अडकतो.

व्हर्च्युअल मशीन चालवायला कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं याचं उत्तर डोंगलवर ठरतं. विंडोज प्रोमध्ये येणारं हायपर-व्ही यूएसबी डोंगल थेट आत देत नाही, आणि होम आवृत्तीत ते नसतंच. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त आहे, धंद्यातही चालतो, आणि आवृत्ती ७ पासून यूएसबी २ व ३ ची सोय मूळ भागातच आहे. त्याचा एक्स्टेंशन पॅक मात्र फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे. कारखान्यात तो सवयीने टाकू नका, या कामाला त्याची गरजही नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरालाही मोफत आहे. पुढचं सगळं व्हर्च्युअलबॉक्स धरून लिहिलंय. त्याच्या खिडकीत खालच्या बाजूला हिरवं कासव दिसलं, तर विंडोजचं हायपर-व्ही किंवा 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय आड आलेली आहे. मशीन चालेल, पण हळू.

व्हीएचडी फाइल आतल्या एसएसडीवर साध्या फोल्डरमध्ये ठेवा. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवलीत तर वनड्राइव्ह ती ३० जीबीची फाइल पुन्हापुन्हा वर चढवत बसेल. नवं मशीन बनवताना नवी डिस्क तयार न करता 'अस्तित्वात असलेली डिस्क' म्हणून ही फाइल निवडा. तीही मूळ फाइल नाही, तिची प्रत. एक्सपीला डिस्क आयडीईच्या पीआयआयएक्स४ कंट्रोलरवर लावा, जुना पीसी एएचसीआयवर होता असं वहीत असेल तर साटावर. ईएफआय बंद. नेटवर्क सुरुवातीला 'जोडलेलं नाही'. सिरियलसाठी पोर्ट १ चालू करून प्रकार 'होस्ट डिव्हाइस' घ्या आणि नव्या पीसीवर यूएसबी-सिरियल केबलला मिळालेला कॉम क्रमांक लिहा. यात फायदा असा की केबलचा ड्रायव्हर फक्त विंडोज ११ ला लागतो. आत एक्सपीला साधा कॉम १ दिसतो आणि जुना ड्रायव्हर शोधत फिरावं लागत नाही. केबल मात्र चांगल्या चिपची घ्या. नकली चिप विंडोजचा नवा ड्रायव्हर नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण येते.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर एक्सपी नवं हार्डवेअर सापडल्याच्या खिडक्या एकामागून एक काढेल. सगळ्या रद्द करा आणि गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे आत टाकायचे ड्रायव्हर) टाका. त्याने स्क्रीनचा आकार, माउस आणि शेअर्ड फोल्डर जागेवर येतात. जुना पीसी इंटेलचा आणि नवा एएमडीचा असेल तर इंटेलपीपीएम नावाच्या ड्रायव्हरपाशी निळा पडदा येऊ शकतो. एफ८ ने सेफ मोडमध्ये जाऊन रजिस्ट्रीत त्या सर्व्हिसची 'स्टार्ट' किंमत ४ केली की तो बंद होतो. डोंगलसाठी यूएसबी फिल्टर करून ठेवा, म्हणजे मशीन सुरू होताच ते आपोआप आत जातं आणि सकाळच्या पाळीच्या ऑपरेटरला काही करावं लागत नाही.

इंटरनेटबाबत सवलत नको. एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या, सेव्हनच्या १४ जानेवारी २०२० ला. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्याने जुन्या फाइल शेअरिंगमधल्या एसएमबी १ च्या दोषातूनच शिरकाव केला होता. एक्सपीला फाइल शेअर करण्यासाठी तेच एसएमबी १ लागतं आणि नव्या विंडोजमध्ये ते बंद असतं. ते चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. फाइली व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमधून न्या. त्याला नेटवर्क लागत नाही.

प्रेसवाल्यांसाठी वेगळी सूचना. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर कॉपी करून बाहेर विंडोज ११ मध्ये चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. डेटा खराब झालेला नसतो, त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर बसवलेली असतात. बाहेर न्यायचं ते फॉन्ट आत घेतलेली पीडीएफ करूनच न्या.

सगळं चाललं की मशीन आतून शटडाउन करून एक स्नॅपशॉट, म्हणजे परत येण्यासाठी त्या स्थितीची नोंद, घ्या. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर मूळ फाइलीच्या आधाराने राहतो, डिस्क गेली की तोही जातो. खरी प्रत म्हणजे मशीन बंद असताना त्याचं अख्खं फोल्डर दोन वेगळ्या डिस्कांवर उतरवणं, त्यातली एक कारखान्याबाहेर, घरी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. यूपीएस हवाच. पावसाळ्याच्या तोंडाला वादळात लाइट जाते तेव्हा एकाच धक्क्यात दोन विंडोज बंद पडतात, आणि त्या क्षणी फाइल लिहिली जात असेल तर जुन्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस अर्धवट राहतो.

पहिला महिनाभर जुना पीसी जोडलेलाच ठेवा आणि रोजचं एक काम दोन्हीकडे करून पावत्या किंवा प्रोग्रॅम ताडून बघा. महिनाअखेरचा रिपोर्ट, वर्षअखेरचं क्लोजिंग अशी क्वचित लागणारी कामंही एकदा करून पाहा. तिथेच एखादा विसरलेला नेटवर्क प्रिंटर किंवा डी ड्राइव्हचा पत्ता निघतो. मग डिस्क काढून तिच्यावर मशीनचं नाव, तारीख आणि प्रशासक खात्याचा पासवर्ड कुठे लिहिलाय ते चिकटवा, आणि कोरड्या कपाटात वहीसोबत ठेवा.