'ट्वेल्व्ह अँग्री मेन' पहिल्यांदाच बघताय? मग जरा थांबा

आधीच सांगतो, हा पिक्चर रात्री जेवून आडवं पडून बघू नका. मी तेच केलं होतं, बारा माणसं एका खोलीत घाम पुसतायत नि खुर्च्या सरकवतायत एवढं बघितलं आणि घोरायला लागलो. खरं तर फक्त ९६ मिनिटांचा आहे, ब्लॅक अँड व्हाइट, १९५७ चा, सिडनी ल्युमेटचा पहिलाच सिनेमा. दुपारी बघा, मे महिना असेल तर उत्तमच, कारण खोलीतला पंखा चालत नाहीये नि तो उकाडा तुम्हालाही जाणवायला हवा.

सुरुवातीला जज कंटाळलेल्या आवाजात काहीतरी पुटपुटतो ते सोडू नका, सगळे नियम तिथंच आहेत. पोरावर बापाच्या खुनाचा आरोप, ही बारा माणसं म्हणजे ज्युरी, खटल्यात दोषी की निर्दोष ते ठरवणारे साधे नागरिक, निकाल बाराही जणांच्या एकमतानंच, दोषी ठरला तर मरण, आणि मनात वाजवी शंका असेल तर सोडायचा. आपल्याकडे आता ज्युरी नाही म्हणून हे चटकन पचत नाही, पण १९५९ चं मुंबईचं नानावटी प्रकरण आठवा, ज्युरीनं ८ विरुद्ध १ नं निर्दोष म्हटलं नि पुढे हायकोर्टानं ते फिरवलं.

नावं शोधत बसू नका, जवळजवळ शेवटपर्यंत कोणाला नावच नाहीये, नंबर आहेत. टेबलाभोवती खुर्च्याही नंबरानंच आहेत, एक नंबरवाला म्होरक्या टोकाला, तिथून मोजत गेलं की झालं. हातात कागद ठेवा. पहिलं मतदान ११ दोषी विरुद्ध १ निर्दोष, तो एकटा म्हणजे आठ नंबरवाला, नट हेन्री फोंडा. नंतर प्रत्येक वेळी कोण फुटला नि कशामुळे ते लिहा. पुराव्यामुळे फुटला, का सात नंबरवाल्यासारखा, ज्याच्या खिशात मॅचची तिकिटं आहेत नि त्याला फक्त तिथून निघायचंय? माझ्या मते खरी मजा ह्यातच आहे, चाकू नि साक्षीदार नंतर.

आता कॅमेरा. पहिल्यांदा बघताना कोणाच्या लक्षात येत नाही पण मी सांगतोच. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर आहे, मधे डोळ्यांच्या रेषेत, शेवटी खाली, आणि लेन्सही अशा बदलत नेल्यात की भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. सुरुवातीला एकदा नि तासाभरानं एकदा पॉज करा, छत दिसतंय का बघा. आणि दहा नंबरवाला तोंड सोडतो तेव्हा त्याच्याकडे नाही, बाकीच्यांच्या पाठींकडे बघा.

'एक रुका हुआ फैसला' (१९८६, बासू चॅटर्जी) ह्याच गोष्टीवर आहे, पंकज कपूर त्यात जबरदस्त आहे, पण तो नंतर बघा, नाहीतर सगळी गंमत जाईल.

घरात चारपाच जण असाल तर जजचा सीन झाला की थांबवून प्रत्येकाचं मत चिठ्ठीवर घ्या, डब्यात टाका, पिक्चर संपला की परत घ्या. पोरानं खरंच केलं का ह्याचं उत्तर मिळणार नाहीये हे मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर भांडणं होतात. आमच्याकडे सगळे बदलले, काका नाही बदलला. लग्नकार्यात भेटला की अजून म्हणतो, पोरानंच मारलं रे.